सातबारा नरखेडचा, जामीन पांढुर्ण्याचा

प्रश्न : मुलगा चोरीच्या आरोपात तीन महिन्यांपासून छिंदवाड्याच्या जेलात आहे. जामीन मंजूर झाला, पण माझ्याकडे शेती नाही. महाराष्ट्रातल्या नरखेडच्या साळ्याचा सातबारा नेला, तर मध्य प्रदेशातलीच ऋणपुस्तिका पाहिजे म्हणतात. काय करू?
— एक वाचक, पांढुर्णा

उत्तर : भाऊ, अट बदलून मागणारा अर्ज टाका. वकिलाला त्यात ‘मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८’ हा निकाल घालायला सांगा. मोतीराम गवंडी होता. १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडीत काढून त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. तुमच्या पांढुर्ण्याला तर नरखेड छिंदवाड्यापेक्षा कितीतरी जवळ!

सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेशही जोडा. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं.

कोणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगेल. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं. पहिलाच गुन्हा असेल, तर कच्च्या कैद्याला एक वर्षानंतर सोडायचं. दोष ठरण्याआधीच तिसरा हिस्सा शिक्षा! त्याची वाट पाहू नका.

वकिलाला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते, तिथंच विचारा.