कॅमेरा नसलेल्या रस्त्यासाठी

सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा

चि. भाच्यास,

पुढे वेग टिपणारा कॅमेरा आहे हे आधीच सांगणारं ॲप कोणतं घेऊ, असं तू परवा विचारलंस. नाव सांगून मोकळा झालो असतो, पण आता तू पिकअप घेऊन इथलं धान नागपूरला नेणार, रात्री-बेरात्री येणार-जाणार. म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी उभी करून वाच.

पहिली गोष्ट, मोबाइलला कॅमेरा दिसत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत वेळेचे संकेत सोडत असतात. फोन निदान चार उपग्रहांचे संकेत पकडतो आणि ते पोचायला किती वेळ लागला त्यावरून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला तो काहीच कळवत नाही, नुसता ऐकतो. त्यामुळे मध्य प्रदेशच्या हद्दीकडच्या जंगलात रेंज गेली तरी जीपीएस चालू राहतं, जातो तो नकाशा. कॅमेऱ्याची सूचना ही याच्या पुढची पायरी आहे. कॅमेरे कुठे आहेत याची यादी कोणीतरी आधी करून ठेवलेली असते आणि तू त्यातल्या जागेजवळ आलास की फोन बोलतो. काल लागलेला कॅमेरा यादीत नसतो, काढून नेलेला तिथे महिनोन्‌महिने राहतो. आणि स्पीडगन घेऊन आज मौद्याजवळ, उद्या भलतीकडे उभी राहणारी पोलिसांची गाडी कुठल्याच यादीत पक्की बसत नाही. फोन गप्प आहे म्हणून रस्ता मोकळा आहे, असा अर्थ कधीही काढू नकोस.

आता जोडणी. गूगल मॅप्स तुझ्याकडे आहेच. त्याच्या नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीडोमीटर आणि वेगमर्यादा दोन्ही चालू कर. आपल्या देशातलं मॅपल्सही चांगलं आहे, तेही कॅमेऱ्याची सूचना देतं. पण दोन्ही एकदम चालवू नकोस. दोन आवाज एकमेकांवर आले की एकही कानात शिरत नाही. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' एवढीच दे. बॅटरी वाचवणारी सोय प्रवासात बंद ठेव, नाहीतर स्क्रीन विझली की फोन ॲपलाही झोपवतो आणि तुला वाटत राहतं की ते जागं आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट एवढ्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घे. आवाज मराठीत लाव. कानाला जे सवयीचं आहे ते समजायला वेळ लागत नाही.

फोन कुठे बसवायचा हे मला ॲपपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. काचेच्या मध्यभागी नको, समोरचा रस्ता झाकतो. मांडीवर तर अजिबात नको. स्टिअरिंगच्या बाजूला, नजरेच्या थोडा खाली, पक्क्या स्टँडवर ठेव. आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात असू दे. पंचेचाळीस अंशांत काचेखाली ठेवलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो. पत्ता टाकायचा, रस्ता निवडायचा, आवाज वाढवायचा, हे सगळं गाडी सुरू करण्याआधी. चालवताना मोबाइल हातात धरायला कायद्याने बंदी आहे. 2020 च्या ऑक्टोबरपासून केंद्राच्या नियमात एक सवलत आली, ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, आणि तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नसेल तर. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंस, तर तेहतीस मीटर तू रस्ता न बघता गेलास. आपल्या गावातल्या रस्त्यावर तेवढ्या अंतरात चार घरांची दारं येतात.

आता तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. असं ॲप वापरणं म्हणजे पोलिसांना फसवणं का? जर्मनीत चालकाने ते वापरायला बंदी आहे. फ्रान्समध्ये तर 2012 पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगायची नाही, फक्त 'धोक्याचा टप्पा' एवढंच सांगता येतं. आपल्याकडे 2021 साली जो नियम आला, त्याप्रमाणे कॅमेऱ्याची नजर असलेल्या टप्प्याच्या आधी फलक लावणं बंधनकारक आहे. सरकार स्वतःच सांगतं की पुढे कॅमेरा आहे. त्यांना तुझी पावती नको, तुझा वेग कमी व्हायला हवा आहे. म्हणून सूचना ऐकण्यात मला काही गैर वाटत नाही. गैर आहे ते कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून पुढे पुन्हा ॲक्सिलरेटर दाबणं. मागचा ट्रक तुझ्या त्या अचानक ब्रेकसाठी तयार नसतो. शिवाय काही मार्गांवर दोन कॅमेरे नंबरप्लेट वाचून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढतात. तिथे ही हुशारी कामाची नाही.

वेग मोजणारा गाजलेला कॅमेरा ज्याने काढला, तो मॉरिस गॅट्सोनिडिस हा डच रॅलीचालक होता. 1953 ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपली स्वतःची गाडी किती वेगाने जाते हे कळावं म्हणून त्याने ते यंत्र बनवलं. पोलिसांकडे ते पुढे गेलं. मला ही हकीकत फार आवडते. तुझ्या फोनमधला वेगाचा आकडा तू त्याच हेतूने वापरावास असं मला वाटतं. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, जीपीएसचा आकडा सरळ रस्त्यावर खऱ्याच्या जवळ असतो. म्हणून कोणी म्हणेल, काट्यावर पाच-सहा जास्त चालतात. चालत नाहीत. तो फरक तुझ्या सुरक्षेसाठी ठेवलेला आहे, खर्च करायला नाही.

2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातले 71 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर सरकारी अहवालात नोंदले आहेत. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. भंडारा ते नागपूर महामार्गावर तुला सूचना मिळतील, फलकही दिसतील. पण तुमसर सोडून सिहोऱ्याकडे वळलास की फोनवर विसंबू नकोस. धानकापणीनंतर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. अर्ध्या रस्त्यावर धान वाळत असतं आणि त्याच्या कडेला राखण करणारं कोणी निजलेलं असतं. चांदपूरच्या हनुमानाला पायी निघालेली माणसं असतात, जंगलाच्या पट्ट्यात रानडुक्कर आडवं येतं. यांची यादी कुठल्याही ॲपने केलेली नाही. वेगाची मर्यादा ओलांडली की वाजणारी सूचना मात्र इथेही उपयोगी पडू शकते, म्हणून कॅमेऱ्याची बंद पडली तरी चालेल, ती चालू ठेव. पावसात आणि रात्री फलकावरच्या आकड्याच्याही खाली राहा.

आणखी एक. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घे. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की फोनमधले संदेश आणि बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जातात. चलान खरोखर आहे का, हे महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहायचं. चुकून फाइल उघडलीच तर नेट बंद कर आणि लगेच दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लाव. लाजून बसू नकोस.

पिकअप जुनी घेतली आहेस, तेव्हा आधीच्या मालकाच्या नावावरचे दंड थकलेले असू शकतात. गाडी नावावर होण्याआधी ते पाहून घे आणि काही निघालं तर त्याच्याकडूनच भरून घे. आरसी आणि विम्याचे कागद घेऊन रविवारी ये, सोबत बसून बघू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा