गाडी थांबल्यावर सांभाळा

चाळीस किलोचा कुत्रा घेऊन घरासारख्या गाडीतून फिरणाऱ्याला लोक रस्त्याबद्दलच विचारतात. कसारा घाट कसा चढलात? माळशेजच्या वळणांवर त्याला ओकारी होत नाही का? माझा अनुभव उलटा आहे. गाडी पळते तोवर आमचा बाळ्या पंजे पसरून घोरत असतो. जे काही होतं ते गाडी थांबल्यावर. आम्ही नवरा-बायको आसनगावचे. शहापूर आणि मुरबाड हे आमचे घरचे तालुके, आणि जे थोडंफार शिकलो ते इथल्या थांब्यांवरच.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. मागची बाकं काढून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर आमच्या रस्त्यांवर अशा गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आणि त्यांच्या खिडकीतून बाहेर आलेली मोठमोठी तोंडंही. गाडीत केलेले फेरफार आरटीओकडे नोंदवून घ्या, एवढं सांगून गाडीचा विषय सोडतो. एक मात्र राहिलं. चालत्या गाडीत कुत्रा छातीपट्ट्याने बांधलेला हवा. घाटात ब्रेक दाबला की चाळीस किलोचा ऐवज थेट ड्रायव्हरच्या मानेवर येतो.

आता थांबे. पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात किन्हवलीहून सरळगावकडे जाताना आम्ही दुपारी एका आंब्याखाली गाडी लावली. खिडक्या उघड्या, छताचा पंखा चालू, आम्ही दोघं आतच. जेवण होऊन डुलकी लागेपर्यंत सावली सरकली आणि पत्र्याचं छत उन्हात आलं. आधी हिच्या लक्षात आलं. बाळ्याची जीभ नेहमीसारखी लांब नव्हती, टोकाला पळीसारखी रुंद झाली होती. हिरड्या विटकरी लाल, लाळ चिकट आणि दोरीसारखी लोंबणारी. उठवायला गेलो तर मागचे पाय साथ देईनात.

अशा वेळी पहिला विचार येतो तो गाडी सुरू करून दवाखाना गाठण्याचा. तो बाजूला ठेवा. आधी थंड करा, मग निघा. आम्ही त्याला बाहेर सावलीत ओढलं आणि वीस लिटरचा कॅन पोटावर, काखेत, जांघांमध्ये ओतला. वर पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो लगेच तापतो आणि आतली वाफ कोंडतो. पाणी ओतायचं आणि वारा घालायचा, बस. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो उष्णता बाहेर काढतो. देह जितका मोठा आणि केस जितके दाट, तितकं ते काम अवघड. बसक्या नाकाच्या जातींचं तर विचारूच नका. त्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या घरात असतं. 41 च्या वर गेलं की आतल्या अवयवांवर बेतायला लागतं. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढू शकतं, म्हणजे 'पटकन चहा घेऊन येतो' एवढा वेळही फार झाला. कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला रात्रभर सलाईनवर ठेवलं, तेव्हा कुठे तो दुसऱ्या दिवशी उभा राहिला.

तेव्हापासून मार्च ते जून आम्ही सकाळी नऊच्या आत मुक्कामाला पोचतो, आणि झाड निवडताना आत्ताची सावली बघत नाही, तीन वाजता ती कुठे असेल ते बघतो.

त्या कॅनवरून पाण्याचं आठवलं. एवढ्या मोठ्या कुत्र्याला साध्या दिवशीसुद्धा दोन लिटरच्या वर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्याच्याच अंगाखांद्यावर, मुंबई त्यांच्यावर जगते, आणि एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. असल्या पाड्यावर गाडी थांबवून 'कुत्र्याला आंघोळ घालायला बादलीभर पाणी मिळेल का' असं विचारणारे महाभाग मी पाहिले आहेत. मिळतंही, कारण आमच्याकडची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. पण ते कुणाच्या तरी डोक्यावरून आलेलं असतं. टाकी शहापूर किंवा मुरबाड शहरात भरून घ्या आणि पुढे ती पुरवा.

दुसरी गोष्ट म्हणजे गावची जनावरं. मोठा कुत्रा गाडीतून उतरला की आपल्याला वाटतं, गावठी कुत्री घाबरतील. घाबरत नाहीत. ती पाच-सहा एकत्र येतात, कडं करतात आणि मागून चावतात. आपला गडी एकेकाला भारी असतो, सगळ्यांना एकदम नाही. डोळखांबच्या पुढे एका ठाकूरवाडीपाशी हे घडत होतं, तर अंगणातली म्हातारी काठी घेऊन मध्ये आली, आपल्या कुत्र्यांना हाकललं आणि मग बाळ्याला न्याहाळून म्हणाली, "कुत्रं हाय का वाघरू? आत घाल त्याला. माझ्या शेळ्या गाभण हायत, भेदरल्या तर पोट पडंल." तिचं बरोबर होतं. मोठ्या कुत्र्याने शेळीला तोंडही न लावता नुसतं पळवलं तरी गरिबाचं नुकसान होऊ शकतं. बाळ्याने एकदा एका घरची तलंग दाबली होती. घरमालक 'असू द्या' म्हणत होता. आम्ही ती अंड्यावर आली असती त्या हिशेबाने पैसे दिले आणि पुढच्या खेपेला त्याच अंगणात आम्हाला चहा मिळाला.

म्हणून पाड्यापासून थोडं लांब थांबा, आधी माणसाने उतरून विचारावं, मग कुत्रा उतरवावा, तोही पट्ट्यात. रेबीजची लस तर हवीच, पण डिस्टेंपर आणि पार्वोचीही चालू हवी. आपण शहरातून आणलेला रोग गावच्या कुत्र्यांत आणि त्यांच्यातून रानात जातो. तानसा अभयारण्याच्या हद्दीत कुत्रा नेऊच नका. रानातल्या जनावराला कुत्र्याचा नुसता वासही पुरतो.

आणि रात्री? रात्री बाळ्या बाहेर झोपत नाही. याचं कारण बिबट्या. 2009 मध्ये वनखात्याने आणि विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून त्याला माळशेजला सोडलं. त्याचं नाव आजोबा. तो कसाऱ्याच्या बाजूने, हायवे आणि रेल्वेलाईन ओलांडत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर पुढे सिनेमाही आला. म्हणजे ज्या वाटांवर आपण तंबू ठोकतो, खुर्च्या मांडतो, त्या वाटा त्याच्याही आहेत. घाटमाथ्यापलीकडे अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सगळ्यांत मोठा वाटा निघाला पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा, जवळजवळ 39 टक्के. 'आमचा मोठा आहे, बिबट्या त्याच्या वाटेला जाणार नाही' हे ऐकलं की मला हसू येतं. चाळीस किलो हे बिबट्याच्या आवाक्यातलं वजन आहे, आणि गाडीच्या चाकाला साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळायचीही सोय नसते. टोकावडे, मोरोशी, वैशाखरे या पट्ट्यात अंधार पडायच्या आत त्याचं सगळं उरकून घ्या. रात्री उतरावंच लागलं तर दोघांनी उतरा, बॅटरी घेऊन, बोलत बोलत.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती शहरातल्या माणसाला सहसा ठाऊक नसते. भातखाचरांच्या बांधांना खेकडे बिळं पाडतात आणि खाचरातलं पाणी निघून जातं. त्यावर उपाय म्हणून शेतकरी शिजवलेल्या भातात कीटकनाशक कालवून त्याचे गोळे बिळांच्या तोंडाशी ठेवतात. कुत्र्याला ते पक्वान्नच. शेतकऱ्याचं यात काही चुकत नाही, तो त्याचं पीक वाचवतो आहे. बांधावरून नेताना पट्टा आखूड धरा. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, अंग थरथरायला लागलं, बुबुळं बारीक झाली, तर वेळ घालवू नका आणि औषधाचं नाव शेतकऱ्याला विचारून घ्या. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. गोचिडांसाठी निघण्याआधीच औषध द्या आणि रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवून बघा. गोचीडतापात कुत्रा आधी नुसता मलूल होतो, जेवत नाही, आणि आपण म्हणतो प्रवासाने दमला असेल. बहुतेक पावसाळ्यांत धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश असतात. ते आपल्यासाठी जितके, तितकेच त्याच्यासाठी.

साप चावला तर कुत्र्याला चालवायचं नाही, हे सगळे सांगतात. पण पोमेरियन उचलता येतो, चाळीस किलोचा बाळ्या नाही. आमच्या गाडीत म्हशाच्या यात्रेत घेतलेली एक जाड घोंगडी कायम असते. पौषातली ती यात्रा बैलबाजारासाठी जितकी प्रसिद्ध, तितकीच घोंगड्यांसाठी. घोंगडी शेजारी पसरायची, कुत्र्याला तिच्यावर सरकवायचं, चार कोपरे दोघांनी धरायचे आणि झोळीसारखं उचलायचं. एकदा पायात काच घुसली तेव्हा ती तशी वापरली आहे. घरी सराव करून बघा. पहिल्यांदा उचललं की कुत्रा उडी मारतो. गुरांसाठी 1962 हा फोन आहे, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि तिथले डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात. पण रक्त चढवणं, ऑक्सिजन, रात्रीची भरती यासाठी कल्याण-ठाण्याकडेच जावं लागतं, नाहीतर परळला. निघायच्या आधी रात्री उघडा असणारा एक दवाखाना फोन करून पक्का करून ठेवा.

माझा भाचा म्युनिकजवळ राहतो. तो गेली दोन वर्षं मागे लागला आहे, "मामा, इथे मोटरहोम भाड्याने घेऊ, बाळ्यालाही आणा, आल्प्स फिरू." परदेशातला पहिला थांबा विमानतळावर, कागदांच्या टेबलापाशी असतो आणि तो सगळ्यांत लांबलचक आहे. आधी मायक्रोचिप, त्यानंतरच रेबीजची लस. उलट केलं तर ती लस धरत नाहीत. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून युरोपियन संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात प्रतिपिंडं 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवीत. भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नसल्यामुळे रक्त काढलेल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. शेवटी निघताना आपल्याकडच्या प्राणी संगरोध कार्यालयाचं आरोग्य प्रमाणपत्र. परत आणायलाही त्याच कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते तिकडे गेल्यावर आठवून चालत नाही. फिनलंड, माल्टा, आयर्लंड, नॉर्वे किंवा ब्रिटनमध्ये जाणार असाल तर प्रवेशाच्या 24 ते 120 तास आधी पट्टकृमीचं औषध डॉक्टरकडून देऊन नोंदवावं लागतं.

जातही आधी तपासा. जर्मनीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, बुल टेरियर अशा जातींना आणायलाच बंदी आहे, आणि बव्हेरियात रॉटवायलरही धोकादायक जातींच्या यादीत येतो. बाळ्याच्या आईचं कूळ जर्मन शेफर्ड आणि बापाचं कुणालाच माहीत नाही, म्हणून त्याच्या कागदावर काय लिहायचं यावर डॉक्टर बराच वेळ डोकं खाजवत बसले होते.

रक्ताचा नमुना आता गेला आहे. एवढा मोठा कुत्रा विमानात मालाच्या विभागात जातो आणि त्याला उभं राहता, वळता, आडवं होता येईल एवढा पिंजरा लागतो. आम्ही तो आणून ओसरीवर ठेवला आहे. दार उघडं ठेवून रोजचं जेवण त्याच्या आत देतो. बाळ्या पुढचे दोन पाय आत टाकतो, जेवतो आणि मागचा अर्धा देह बाहेरच ठेवतो. पूर्ण आत जायला लागला की मग तिकिटांचं बघू.