पोपच्या निवडीचे अंदाज

प्रश्न : पुढचा पोप कोण, याचे अंदाज दर वेळी फसतात. असे का?

उत्तर : दर वेळी नाही. २००५ साली कार्डिनल राट्झिंगर यांचे नाव आघाडीवर होते आणि निवडूनही तेच आले. मे २०२५ मध्ये मात्र चर्चा पारोलिन आणि टागले या कार्डिनलांची, पोप झाले शिकागोत जन्मलेले, पेरूत बिशप राहिलेले प्रीव्होस्ट. तेव्हा मतदार कार्डिनल १३३, निवडून यायला दोन-तृतीयांश म्हणजे ८९ मते हवी होती. नुसते चाहते असून भागत नाही. इतर गटांनाही चालेल असा माणूस लागतो. तो बाहेरच्यांना कसा दिसणार? त्यात मतदान गुप्त, मतपत्रिकाही जाळून टाकतात. गोव्याचे कार्डिनल फेर्राव त्या मतदारांत होते, पण गुप्ततेच्या शपथेमुळे त्यांनाही विचारून उपयोग नाही!