वाद्यं आहेत, गायक कुठे गेला?

प्रश्न : टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून होम थिएटर जोडलं आहे. वाद्यं खणखणीत वाजतात, पण गायकाचा आणि पात्रांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. स्पीकर बदलावे लागतील का?
— एक वाचक, घाटंजी (जि. यवतमाळ)

उत्तर : स्पीकरवर आत्ताच खर्च करू नका. स्पीकर फाटला असता तर ढोलकीही फाटकीच वाजली असती. फक्त माणसाचा आवाज मागे जातो तेव्हा पहिला संशय वायरवर घ्यावा.

स्टिरिओत वाद्यं डाव्या-उजव्या बाजूला वाटलेली असतात. गायक मात्र दोन्हीकडे सारखाच ठेवतात, म्हणूनच तो मधोमध उभा असल्यासारखा वाटतो. आता पिन बघा. तिच्यावर तीन भाग असतात: टोक डाव्या बाजूचं, मधली कडी उजव्या बाजूची आणि बुडाचा भाग दोघांचा सामाईक, म्हणजे ग्राउंड. हा ग्राउंड तुटला किंवा पिन अर्धवट बसली, की डाव्यातून उजवा वजा होऊन उरतो तेवढाच आवाज स्पीकरला मिळतो. दोन्हीकडे जे सारखं, ते शून्य. गायक गेला, वाद्यं राहिली! मागे उरतो तो बहुधा त्याच्या आवाजावर चढवलेला एको, म्हणून विहिरीचा भास. गाण्यातून गायक गाळायला साध्या कराओके यंत्रांत हीच वजाबाकी मुद्दाम करतात. तुमच्याकडे ती फुकटात होते आहे.

खात्री करायची तर ‘श्यामची आई’ (1953) लावा. त्या काळचे चित्रपट मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी एकच आवाज. संवादांसकट सगळंच जवळजवळ गप्प झालं, तर दोष ग्राउंडचाच. सेट बंद करा, पिन पूर्ण आत दाबा, तरी नाही सुधारलं तर वायर बदला. मोबाइलच्या हेडफोनची चार भागांची पिन इथे वापरू नका. माइकसाठीच्या जादा कडीमुळे ग्राउंड चुकू शकतो.

वायर नवी असूनही आवाज पोकळ येत असेल आणि खर्जही पातळ झाला असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज एकमेकांना खातो. त्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. रिमोटवरचा ‘सराउंड’ किंवा ‘हॉल’ही एकदा बंद करून पाहा. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर चालू राहिला असेल तर तोही बंद करा. दोन आवाज थोड्या अंतराने आले की शब्द घुमतात. शिवाय पुरुषांचेच आवाज मोठ्या डब्यातून गुरगुरत असतील, तर सब-वूफरचं बटण कमी करा.

एवढं करूनही गायक परतला नाही, तरच सेट यवतमाळला न्या. जाताना वायरही सोबत असू द्या.