पद मॅनेजरचं, काम सगळ्यांचं

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरमध्ये एका कॉफी चेनच्या दुकानात असिस्टंट मॅनेजर आहे. रोज अकरा-बारा तास उभं राहावं लागतं. ओव्हरटाइम मागितला तर ‘तुम्ही मॅनेजमेंटमध्ये आहात’ म्हणतात. गल्ल्यात तूट आली की पगारातून कापतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : पहिल्या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने थोडा कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आहे, पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरील माणसं त्यातून वगळली आहेत. मात्र अशा पदांची यादी वेबसाइटवर, ती नसेल तर दुकानात दर्शनी भागी लावावी लागते. ती आधी शोधा. शिवाय असे वाद उभे राहतात तेव्हा नुसत्या पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय, याला वजन असतं. रजा मंजूर करणं, रोस्टर ठरवणं तुमच्या हातात आहे, की दिवसभर मशीनवर दूधच फेसाळता? महिनाभराचे रोस्टर आणि हजेरीचे फोटो जपून ठेवा.

गल्ल्याचं वेगळं. तूट तुमच्याच निष्काळजीपणाने आली असेल, तरच कपात करता येते. तीही तुमचं म्हणणं ऐकून. तीन जण एकच ड्रॉवर वापरत असतील तर तुमच्या एकट्याच्या माथी ती मारता येणार नाही. शिफ्ट बदलताना रोकड दोघांनी मोजा, सह्या घ्या. एचआरला ईमेल करा, तोंडी नको. उत्तर नाहीच आलं तर शहरातलं कामगार उपायुक्तांचं कार्यालय गाठा.