गस्तीला निघण्याआधी

बाळा, ग्रामसुरक्षा दलात नाव दिलंस, फार बरं केलंस. काठी, शिट्टी, बॅटरी हे पोलीस पाटील सांगतीलच. माझं ऐक ते वेगळं.

गस्त दिवसाउजेडीच सुरू होते. कुठली म्हातारी घरात एकटी आहे, कोण लेकाकडं पुण्याला गेलंय, कुणाच्या मळ्यावर गडी नवा आलाय, हे तुला तोंडपाठ पाहिजे. बंद घराच्या ओसरीवरचा दिवा रात्री लावायला शेजाऱ्याला सांगून ठेव.

आपल्याकडं जाते ती विहिरीवरची मोटार, नाहीतर केबल. चोर केबल जाळतात आणि आतलं तांबं काढून विकतात. रात्री ओढ्याकडून प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर एकटा धावू नकोस. आधी ११२ फिरव, मग चौघांना उठव. गाडी दिसली तर नंबर लिहून घे, आडवा जाऊ नकोस. मोटारीवर नाव कोरून घे. आपली चोरीला गेलेली भंगारात सापडली होती, पण ती आपलीच हे पटवून देता देता माझं वर्ष गेलं.

आता मुख्य गोष्ट. अनोळखी माणूस दिसला तर हात नाही, तोंड चालव. "पाव्हणं, कुणाकडं आलात?" एवढं विचार. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं पोरं पळवणारी म्हणून जमावानं मारली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेनं त्यांचा जीव घेतला. तसा मेसेज आला तर पुढं ढकलू नकोस, थेट ठाण्यात विचार. खरा चोर हाती लागला तरी मारायचं नाही. सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, कायदाच आहे तसा.

ओळखीनं काय होतं ते बघ. भिवंडीत १९८४ ला हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. पुढं १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी तिथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांबरोबर एका सतरंजीवर बसू लागली, एकमेकांना नावानं ओळखू लागली. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मला तरी यापेक्षा मोठा बंदोबस्त माहीत नाही.

तेव्हा उद्या सांजच्याला गावाबाहेरच्या पालांवर जा. चहा घे, माणसांची नावं विचार. आणि गस्तीला त्यांच्यातलाही एक पोरगा बरोबर घे.