हृदयरोग्याचे जगणे

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ पासून आरोग्याची जी व्याख्या स्वीकारली आहे, तीत रोग नसणे एवढेच पुरेसे मानलेले नाही. शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य अपेक्षिले आहे. ही व्याख्या मी मानसशास्त्राच्या तासाला वहीत उतरवून घेतली. तिचा अर्थ मात्र घरी कळला.

माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाल. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. दवाखान्याच्या कार्डावर ‘जड काम नको’ अशा अर्थाचे लिहिले होते. मी सांगितले, ‘काहीच काम करायचे नाही.’ तेव्हापासून दादांना कोणी पाण्याची कळशीही उचलू दिली नाही.

हृदयरोग्याच्या जीवनाचा दर्जा ठरविणारे घटक स्थूलमानाने चार सांगता येतील.

१) शारीरिक : दम लागणे, थकवा, झोपमोड. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने रुग्णांचे चार वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात नेहमीच्या कामाने त्रास होत नाही. चौथ्यात बसल्या जागीही होतो. म्हणजे माणूस काय करू शकतो, हेच येथे पाहिले जाते.

२) आर्थिक : शासकीय योजनेतून शस्त्रक्रिया होऊ शकते, बुडालेली मजुरी भरून निघत नाही. गोळ्या तर बहुधा जन्मभराच्या.

३) मानसिक : झटक्यानंतर अनेकांना खिन्नता येते. असा रुग्ण औषध टाळतो, चालणे सोडतो आणि धोका वाढतो.

४) कौटुंबिक : आधाराने रुग्ण सावरतो, पण अतिकाळजीने तो निरुपयोगी ठरतो. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९८४ मध्ये दुर्बल हृदयाच्या रुग्णांसाठी २१ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तीत पायांची सूज, जिना चढणे यांबरोबरच आपण घरच्यांना ओझे झालो असे वाटते का, हेही विचारले आहे.

तो प्रश्न वाचला आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसलेले दादा डोळ्यांपुढे आले. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना नीट विचारले. त्यांनी रोज सपाटीवर चालण्यास व हलके काम करण्यास परवानगी दिली.

आता दादा गाळ्यावर खडूने रेघा ओढून पोत्यांची मोजदाद ठेवतात. मजुरी निम्मी मिळते. पण संध्याकाळी घरी आले की आवाज पूर्वीसारखा चढा असतो.

रुग्णाला कार्ड नीट समजावून सांगणे हाही उपचारच आहे, आणि ते काम आपल्यासारख्या शिकणाऱ्यांचे आहे. माझी चूक मी दादांना अजून सांगितलेली नाही. अंक हाती आला की हा लेख त्यांना वाचून दाखवणार आहे.